हे वात्रट पुस्तक आत्ता द्यावं की नंतर?

दुसरी-तिसरीतलं मूल शाळेच्या ग्रंथालयातून किंवा मैत्रिणीकडून एक पुस्तक घरी आणतं. दोन दिवस त्यात डोकं खुपसून एकटंच खिदळत बसतं आणि तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाला ‘स्टुपिड’ म्हणतं. मग आईबाबा ते पुस्तक उघडून बघतात. नायिका जेमतेम पाच-सहा वर्षांची, पण आगाऊपणा केवढा! बाईंना उलट उत्तरं, आईशी थापा, वर्गातल्या मुलांना नावं ठेवणं, आणि हे सगळं वाचून आपलं लेकरू पोट धरून हसतंय. पालकसभेत, सोसायटीच्या बाकावर, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात मग एकच प्रश्न फिरतो: असलं पुस्तक मुलाला द्यावं का?

मुलांना गोष्टी वाचून दाखवायचं काम मी करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेही हमखास येतो. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पुस्तकात वात्रटपणा किती आहे हे मोजत बसू नका. ती नायिका चुकतेय, हे वाचताना आपल्या मुलाला कळतंय का, तेवढं बघा. कळत असेल तर खुशाल द्या. कळत नसेल तर सहा महिने थांबा आणि पुन्हा बघा.

आता हे कसं ओळखायचं, ते जरा सविस्तर.

चित्रांची पुस्तकं मागे पडली आणि कादंबरी अजून झेपत नाही, अशा मधल्या वयासाठी ही पुस्तकं असतात. साठ ते शंभर पानं, ठसठशीत टाइप, छोटी छोटी प्रकरणं, अधूनमधून एखादं काळंपांढरं चित्र. रात्री झोपण्यापूर्वी एक प्रकरण सहज संपतं, आणि ‘मी अख्खं पुस्तक वाचलं’ असं आयुष्यात पहिल्यांदा म्हणायला मिळतं. इंग्रजीत या वयासाठी भरपूर लिहिलं जातं आणि त्यात वात्रट मुलांच्या मालिकांची मोठी चलती आहे. इंग्रजी माध्यमातल्या आपल्या मुलांच्या हातात मला दोन नावं वारंवार दिसतात: ज्युनी बी. जोन्स आणि हॉरिड हेन्री. दोघांनाही लोक एकाच टोपलीत टाकतात, पण दोघांची जात वेगळी आहे.

ज्युनी बी. अमेरिकेतली. लेखिका बार्बरा पार्क. पहिलं पुस्तक १९९२ साली आलं आणि २०१३ साली पार्क गेल्या, तोवर ज्युनीची सुमारे तीस पुस्तकं झाली होती. सुरुवातीच्या सतरा पुस्तकांत ती बालवर्गात आहे, म्हणजे आपल्याकडच्या सीनियर केजीच्या वयाची. पुढे २००१ पासून ती पहिलीत जाते. गोष्ट ती स्वतःच सांगते, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

पहिल्या पुस्तकातलं उदाहरण घ्या. शाळेचा पहिला दिवस. ज्युनीला शाळेची बस मुळीच आवडलेली नाही. त्यात परतीच्या प्रवासात मुलं डोक्यावर चॉकलेट मिल्क ओततात, असं कुणीतरी तिला सांगतं. शाळा सुटल्यावर बसकडे जायच्या ऐवजी ही पोरगी वर्गातल्या सामानाच्या कपाटात लपून बसते. सगळे घरी जातात, शाळा रिकामी होते आणि बाईसाहेब एकट्याच शाळाभर हिंडतात. मग लघवीला लागते आणि बघते तो बाथरूमला कुलूप. एवढं मोठं संकट कोसळल्यावर ती काय करते? फोन उचलून ९११ लावते, म्हणजे पोलीस-अग्निशमन-रुग्णवाहिका यांचा आणीबाणीचा नंबर. अखेर कुलूप उघडून देतात ते शाळेतले सफाईचे काका.

हेच प्रकरण पाच वर्षांच्या आणि साडेसात वर्षांच्या मुलाला वाचून दाखवा. साडेसात वर्षांचं मूल मध्येच ओरडतं, “अगं वेडे, बाईंना सांग ना!” ते ज्युनीपेक्षा दोन पायऱ्या वर उभं आहे. भीती कशी खोटी आहे, कपाटात लपून उपयोग काय होणार, आईचा जीव कसा खालीवर होत असेल, हे त्याला वरून दिसतं. दोन वर्षांपूर्वी आपणही अस्सेच होतो, हे आठवून त्याला आणखी हसू येतं. पाच वर्षांचं मूल मात्र ज्युनीच्या शेजारीच कपाटात बसलेलं असतं. त्याला ती शूर वाटते, तिची युक्ती भारी वाटते, आणि बसमध्ये मुलं डोक्यावर दूध ओततात ही माहिती त्याच्यासाठी खरी असते. दुसऱ्या दिवशी ते बसमध्ये चढायला नकार देईल. यात मुलाची चूक नाही आणि पार्कबाईंचीही नाही. त्यांनी पुस्तक लिहिलं ते बालवर्ग ओलांडलेल्या मुलांसाठी.

इथे बऱ्याच घरांची फसगत होते. नायिका केजीतली, तेव्हा पुस्तकही केजीतल्या मुलांचं असणार, असा हिशेब आपण करतो. त्यात आपलं मूल लवकर वाचायला लागलेलं असेल तर विचारूच नका. ‘आमची पाच वर्षांची असून चॅप्टर बुक वाचते’ हे सांगताना आईबाबांची मान ताठ होते. व्हायलाही हरकत नाही. पण अक्षरं जुळवून वाक्य वाचता येणं वेगळं आणि ‘ही मुलगी स्वतःलाच फसवतेय’ हे ओळखून हसता येणं वेगळं. दुसरी गोष्ट वयाबरोबर येते, तिला घाई चालत नाही. नायिकेच्या वयापेक्षा वाचणारं मूल दीड-दोन वर्षांनी मोठं असावं, हा माझा साधा ठोकताळा. ज्युनीच्या बाबतीत म्हणजे सात वर्षं पुरी झाल्यावर.

अमेरिकेतही ज्युनीवर तक्रारी झाल्याच. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २००० ते २००९ या दशकात ज्या शंभर पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप नोंदवले गेले त्यांची यादी काढली, त्यात ही मालिका आहे. आक्षेप दोन: उद्धटपणा आणि अशुद्ध इंग्रजी. ज्युनी ‘रॅन’ न म्हणता ‘रन्ड’ म्हणते, ‘बेस्ट’च्या जागी ‘बेस्टेस्ट’ म्हणते.

उद्धटपणाबद्दल मी फारशी काळजी करत नाही, पण भाषेचा आक्षेप आपल्या घरांत थोडा गांभीर्याने घ्यायला हवा असं मला वाटतं. आपलं चार वर्षांचं मूल ‘मी करलं’ किंवा ‘झुरळ मरलं’ म्हणतं तेव्हा घरातले सगळे हसतात, आणि सहा वर्षांची ताईसुद्धा हसते, कारण ‘केलं’ आणि ‘मेलं’ तिच्या कानात पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेतल्या सात वर्षांच्या मुलाला ज्युनीचं ‘रन्ड’ तसंच ऐकू येतं. पण ज्या मुलाने इंग्रजी शाळेतच, पुस्तकातूनच उचललंय, घरात आजीपासून आत्यापर्यंत सगळे मराठी बोलतात, त्याला तो विनोद आहे हेच समजत नाही. ते मुकाट्याने ‘रन्ड’ शिकतं. बिघडतं फार काही नाही, चौथीपर्यंत आपोआप सुधारतं. तरी पुस्तक आणण्याआधी एक पान मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. अशा शब्दापाशी ते अडखळलं, हसलं किंवा ‘हे चुकलंय’ म्हणालं, तर काळजी मिटली. सरळ वाचत पुढे गेलं, तर ज्युनीला थोडं थांबू द्या. दरम्यान शुद्ध इंग्रजीत लिहिलेली वात्रट पुस्तकं काही कमी नाहीत.

त्यातलाच हेन्री. फ्रान्सेस्का सायमन या मूळच्या अमेरिकन, लंडनमध्ये स्थायिक झालेल्या. त्यांचं पहिलं ‘हॉरिड हेन्री’ १९९४ साली आलं, चित्रं टोनी रॉस यांची. एका पुस्तकात चार स्वतंत्र गोष्टी. हेन्रीचं प्रकरण ज्युनीपेक्षा तिखट आहे. ज्युनीच्या हातून गोंधळ होतात. हेन्री ठरवून खोड्या काढतो, त्याला वाईट वाटत नाही आणि तो सुधारतही नाही. मोठी माणसं एकजात व्यंगचित्रातली. आई-बाबा ओरडण्यापलीकडे काही करत नाहीत, बाईंचं नावच मिस बॅटल-ॲक्स. धाकटा भाऊ पीटर हा ‘परफेक्ट पीटर’, शेजारची मार्गारेट ‘मूडी मार्गारेट’. प्रत्येकाच्या कपाळावर एक विशेषण डकवलेलं.

ही विशेषणं नुसती अनुप्रासासाठी नाहीत. पहिल्याच पुस्तकातली पहिली गोष्ट बघा. हेन्रीच्या मनात येतं, आज दिवसभर शहाण्यासारखं वागून बघू. तो खरोखर तसं वागतो. आईबाबांचा विश्वास बसत नाही. सगळ्यात पंचाईत होते ती पीटरची, कारण घरात शहाणं असण्याचा मक्ता त्याचा. कौतुक भलतीकडेच चाललंय हे बघून तो अस्वस्थ होतो, भावाला डिवचू लागतो आणि शेवटी जेवताना स्पॅगेटीची प्लेटच हेन्रीच्या दिशेने भिरकावतो. हेन्री खाली वाकतो आणि प्लेट जाते आईवर. शिक्षा पीटरला.

लहान मुलांना यात मारामारीची गंमत दिसते. मोठ्यांनी मात्र ही गोष्ट जपून वाचावी. ‘आमचा मोठा समजूतदार, हा धाकटा म्हणजे नुसता वात्रट कार्टा’ असं पाहुण्यांसमोर, मुलांच्या देखत, आपण किती सहज बोलून जातो! मग वात्रट ठरलेलं मूल ते नाव इमानेइतबारे चालवतं, आणि शहाणं ठरलेलं मूल ते नाव टिकवण्यासाठी चहाड्या करतं. सायमनबाईंना ही घरातली राजकारणं नेमकी ठाऊक आहेत. त्यामुळे घरी ज्याला सतत ‘वात्रट’ म्हटलं जातं त्या मुलाला हेन्री देऊ नये, असं मी म्हणणार नाही. उलट त्याला तो जिवाभावाचा मित्र वाटेल. मात्र एक पथ्य पाळा: ‘तू म्हणजे अगदी हेन्री आहेस’ हे वाक्य घरात कुणीही, अगदी लाडानेसुद्धा, उच्चारू नका. पुस्तकातलं विशेषण आपल्या लेकराला चिकटवलंत की पुस्तकाची गंमत संपली आणि सबब सुरू झाली.

हेन्रीबद्दल माझी खरी शंका दुसरी आहे. त्याच्या खोडीचं टोक बहुतेक वेळा स्वतःपेक्षा लहान भावाकडे असतं. कुठलंही वात्रट पुस्तक चाळताना हे जरूर बघा: खोडी कुणाची काढली जातेय? मोठ्या, ताकदवान, स्वतःला शहाणं समजणाऱ्या माणसाची, की लहानाची, दुबळ्याची, वेगळ्या दिसणाऱ्याची? ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांची पिप्पी लाँगस्टॉकिंग आठवा. नऊ वर्षांची, आईबापांविना एकटी राहणारी, घोडा उचलणारी पोरगी. ती पोलिसांना छपरावर पळवते, सर्कशीतल्या पहिलवानाला लोळवते, चोरांची भंबेरी उडवते, पण स्वतःपेक्षा दुबळ्यावर तिचा हात कधी उठत नाही. तरीही १९४५ साली ती स्वीडनमध्ये आली आणि पुढच्याच वर्षी एका नामवंत प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात तिच्यावर आगपाखड केली. मुलांच्या मनावर याचा वाईट परिणाम होईल, ही तीच आपली ओळखीची भीती. आज स्वीडनच्या २० क्रोनरच्या नोटेवर लिंडग्रेनबाई आहेत आणि त्यांच्या सोबत पिप्पीही आहे.

हेन्रीच्या बाजूने एक सांगायला हवं. त्याचे डाव बहुतेक वेळा त्याच्यावरच उलटतात, आणि पीटरही काही कमी नग नाही. आठ वर्षांच्या मुलाला हे कळतं आणि तो दोघांनाही हसतो. पण घरात नुकतंच बाळ आलं असेल, आणि मोठं मूल ‘याला परत हॉस्पिटलमध्ये देऊन या’ म्हणण्याच्या टप्प्यात असेल, तर हेन्री वर्षभर दुकानातच राहू द्या. ज्या मुलाला शाळेत कुणी त्रास देतंय, नावं ठेवतंय, त्यालाही ही मालिका हसवेल असं नाही. चिडवणं त्याच्यासाठी अजून विनोद झालेलं नाही.

पुस्तक पारखायला तुमची दहा मिनिटं पुरतात. मागच्या पानावरचं वय आणि मलपृष्ठावरची स्तुती सोडून द्या. पहिलं प्रकरण वाचा आणि मधलं एखादं. मग त्याच रात्री मुलाला एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐन गोंधळाच्या जागी थांबून विचारा, “आता काय होईल?” गोष्टीतून काय शिकलास, हा प्रश्न नको. त्याचं ठरावीक उत्तर मुलांना पहिलीपासून पाठ असतं. ‘आता काय होईल’ला मात्र खरं उत्तर मिळतं. “आता सापडणार ती!” असं म्हणून मूल हात चोळायला लागलं, की समजा त्याला सगळं दिसतंय. “मी पण उद्या असंच करणार,” हे जर डोळे चमकवून गंभीरपणे आलं, तर पुस्तक मिटा आणि दुसरं काढा. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाने कुणाचं काही बिघडत नाही.

ज्या घरात आजी-आजोबांना इंग्रजी वाचायची सवय नाही, तिथे याहून सोपा मार्ग आहे. नातवंडाला म्हणावं, आज वाचलेली गोष्ट मला मराठीत सांग. सांगताना मूल कुठे हसतं, कुठे नायिकेची बाजू घेतं, कुठे ‘पण आजी, ती चुकलीच ना!’ अशी पुस्ती जोडतं, यावरून आजीला दोन मिनिटांत अंदाज येतो. न्यू जर्सीतल्या नातीने तिथल्या लायब्ररीतून आणलेली ज्युनी पुण्यातल्या आजीला व्हिडिओ कॉलवर सांगायलाही काहीच अडचण नाही. उलट ‘शाळेत काय केलंस?’ ‘काही नाही’ या रोजच्या संवादापेक्षा हे बरं चालतं.

नकलेची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पुस्तकातला एखादा शब्द आठवडाभर घरात नाचणार, हे गृहीत धरा. पहिले दोन दिवस कानाआड करा. नंतर एकदाच, शांतपणे सांगा: “पुस्तकात हेन्री म्हणतो, आपल्या घरात आपण म्हणत नाही.” आणि हे सांगण्याआधी आपल्याच घरात ‘बावळट’, ‘गाढवा’, ‘अक्कल नाही का’ दिवसातून किती वेळा निघतं, त्याकडे जरा कान द्या. सिग्नल तोडून आडव्या आलेल्या रिक्षावाल्याला गाडीत बसून बाबा जे म्हणतात, त्याच्यापुढे हेन्री म्हणजे सत्पुरुष. खापर सगळं पुस्तकावर फोडू नये.

मात्र शब्दांपलीकडची, अंगाशी येणारी नक्कल असू शकते आणि तिथे सावध राहा. ज्युनीने ९११ लावला, तसा आपल्याकडे ११२ आहे. हे प्रकरण वाचून झाल्यावर तो नंबर कशासाठी असतो, खऱ्या संकटात कधी लावायचा आणि बाथरूमचं कुलूप त्यात का बसत नाही, हे मुलाशी बोलून घ्या. शाळेत कुठे अडकलं तर कुणाला हाक मारायची, तेही सांगा. एवढंच. दर पानानंतर निरूपण करू नका. ‘बघ, खोटं बोललं की असं होतं’ हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर कुठलंही मूल पुस्तक बाजूला ठेवून टीव्ही लावेल, आणि त्याचं बरोबर असेल.

शिक्षकांना आणि शाळेचं ग्रंथालय सांभाळणाऱ्यांना एक वेगळी विनंती. एका पालकाची तक्रार आली म्हणून पुस्तक सगळ्यांसाठी काढून टाकू नका. पहिली-दुसरीच्या कप्प्यातून ते तिसरी-चौथीच्या कप्प्यात हलवा, आणि ज्या पालकांना नको असेल त्यांच्या मुलाच्या कार्डावर तशी नोंद करा. ‘कॅप्टन अंडरपँट्स’ या मालिकेवर २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेत सर्वाधिक आक्षेप आले. तिचे लेखक डेव्ह पिल्की लहानपणी वर्गात एका जागी बसूच शकत नसत आणि वाचायलाही त्यांना जड जाई. शिक्षा म्हणून त्यांना वर्गाबाहेर बसवलं जाई. तिथे बसून त्यांनी हे चड्डीतलं पात्र काढलं, दुसरीत असताना. पुस्तक हातात धरायलाच तयार नसलेली किती तरी मुलं या असल्या पुस्तकांमुळे वाचायला लागतात. विनोद शी-शूचा आहे हे मान्य. मला स्वतःला तो दहा पानांनंतर कंटाळा आणतो. पण तो माझ्यासाठी लिहिलेला नाही.

आपल्याकडे तर एक मौज आहे. ‘तोत्तोचान’ आपल्या शिक्षकांचं आणि पालकांचं लाडकं पुस्तक. नॅशनल बुक ट्रस्टमुळे ते मराठीत घरोघरी पोचलं. तेत्सुको कुरोयानागी यांनी त्यात सांगितलेली मुलगी, म्हणजे त्या स्वतःच, पहिलीतच शाळेतून काढलेली आहे. का? तर डेस्कचं झाकण दिवसभर उघडझाप करते आणि खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते. संडासात पडलेलं पाकीट शोधायला मैल्याचा ढीग उपसून बाहेर काढते. मुख्याध्यापक रागावत नाहीत. झाल्यावर सगळं परत आत टाकशील ना, एवढंच विचारतात. हे वाचून आपले डोळे पाणावतात, आणि त्याच संध्याकाळी ज्युनी फार आगाऊ आहे म्हणून आपण तिला कपाटावर ठेवून देतो. आपल्याला वात्रट मूल आवडतं, पण ते मोठं होऊन नावाजलेलं असावं लागतं.

मराठीत वात्रट मुलांची परंपरा नाही असंही नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या दूरदर्शनच्या मालिकेमुळे आजच्या आईबाबांनाही माहीत आहे. ‘सकाळ’मधला चिंटू १९९१ पासून घराघरात वाचला गेला. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे तर आहेच. त्याच्या उचापतींमागे बहुधा कुणाला तरी मदत करायचा हेतू असतो, म्हणून खोडीचं टोक कुणाकडे ही परीक्षा तो सहज पास होतो. पण हे सगळे तिसरी-चौथीच्या पुढचे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याहून मोठ्यांचा. सहा ते आठ या वयात स्वतः वाचावं असं, छोट्या प्रकरणांचं, थोडं आगाऊ मराठी पुस्तक शोधायला गेलं तर हात बऱ्याचदा रिकामाच परत येतो. प्रकाशकांनी इकडे बघावं. मूल मराठीत वाचत नाही अशी तक्रार करताना त्या वयाला हसवणारं आपण काय दिलं, हेही विचारावं.

जुनी मराठी पुस्तकं काढाल तेव्हा मात्र आधी स्वतः चाळा. त्या काळच्या विनोदात जाड्या मुलाला, काळ्या मुलीला, तोतऱ्याला बिनदिक्कत हसलं जाई, आणि मास्तरांची छडी हा नेहमीचा विनोद असे. हेन्रीच्या ‘स्टुपिड’वर भुवया उंचावणारे आपण हे लहानपणी वाचून हसलेलो असतो, त्यामुळे ते आपल्याला खुपत नाही. मुलाला ते पुस्तक जरूर द्या, पण अशा जागी थांबून सांगा की तेव्हा लोक असं म्हणत, आता आपण म्हणत नाही. मुलाच्या वर्गात तशी दिसणारी, तशी बोलणारी मुलं आहेत.

आणि थांबायचं ठरलं तर पुस्तक लपवू नका, ‘वाईट आहे’ असंही म्हणू नका. तसं केलंत तर ते शेजारच्या घरी जाऊन वाचलं जाईल. “हे तुला दुसरीच्या मे महिन्याच्या सुट्टीत देते,” असं सांगून डोळ्यांसमोरच वरच्या फळीवर ठेवा आणि सुट्टी लागली की विसरू नका. तोवर घरी माधुरी पुरंदरे यांची राधा आणि यश आणा. रोजच्या घरात, शाळेत घडणाऱ्या त्या गोष्टी पाच-सहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसून वाचून दाखवता येतात, आणि थोड्याच दिवसांत त्यातली पानं ते स्वतःच वाचायला मागतं.